अमेरिकेचा गॅलन

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्समध्ये, घरी बिअर बनवणाऱ्यांना सामान विकणाऱ्या दुकानात मी रांगेत होतो. माझ्यापुढे बादली घेतलेल्या मिसेस हॉलरॉइड दुकानदाराशी बोलत होत्या.

“क्लाइव्ह, ही बादली दे कुणाला तरी. माझा आर्थर गेला.”

“अरेरे! काय बिअर बनवायचे हो! मग मधेच बनवणं का सोडलं त्यांनी?”

“मुलानं बोस्टनहून कृती पाठवली. नाताळला आला, घोट घेतला नि म्हणाला, ‘हे पाणी आहे. बाबांना आता मोजताही येत नाही.’ निघण्याआधी आर्थरला वृद्धाश्रमात टाकूनही गेला.”

“माल्ट कमी पडलं?”

“छे! दहा पौंड माल्टला पाच गॅलन पाणी. कृतीत होतं तस्संच.”

“पण गॅलन कुणाचा? अमेरिकेचा लहान असतो. आपल्या पाचात त्यांचे सहा बसतात.”

“काय सांगतोस?”

“मग बिअर पातळच होणार. आर्थर बरोबर होते. कुठला गॅलन ते मुलानंच लिहायला हवं होतं.”

“शेवटपर्यंत मला विचारायचा रे, ‘मी नीट मोजलं होतं ना गं?’”

“मग तुम्ही काय म्हणायचात?”

“बादली ठेव, क्लाइव्ह. माझी बस आली.”