करवतीची दुसरी मूठ

— नाही, तो फोन आधी खिशात घाला. टेबलावर उताणा पडून माझ्याकडं बघत बसतो, मला नाही बोलता येत. घातलात? बरं. आणि खुर्चीत मागं रेलू नका, तिचा एक पाय मी नुसता अडकवून ठेवलाय — हो हो, जन्मभर लाकडातच काढलाय, माहीत आहे, पण स्वतःची खुर्ची कोण नीट करत बसतो? तर काय विचारत होतात? भुश्या मरताना बदलला का, देव मानला का. मग सरळ विचारा की, तब्येत कशी आहे नि खोली छान आहे, हे कशाला? काल इथले, या प्रार्थनाघराचे, कारभारी आले होते, याच खुर्चीत बसले, त्यांनीही हेच विचारलं. फक्त त्यांना ‘हो’ पाहिजे आणि तुमच्या मंडळाला ‘नाही’. बिस्किटं मात्र दोघांनीही आणली. म्हातारा बिस्किटं खाऊन पाहिजे ते बोलतो, असं कुणी सांगितलंय तुम्हाला?

तुमच्याकडं तो भाषणं करायचा म्हणे, देव नाही म्हणून. मी कधी आलो नाही ऐकायला. कशाला येऊ? मला ती रोज फुकट मिळायची! वखारीत एक मोठी करवत होती, दोन मुठींची. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक गडी ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. मी वर, तो खाली. सगळा भुसा त्याच्या डोक्यावर, म्हणून भुश्या. आणि मी काम करताना प्रार्थना म्हणायचो म्हणून त्यानं मला भगत केलं. म्हणायचा, ‘भगता, तू वर उभा म्हणून तुला देव दिसतो. माझ्या डोळ्यांत नुसता भुसा.’ मी म्हणायचो, ‘मग ये वर, मी जातो खाली.’ तर यायचा नाही! खालच्या गड्याला ओढायला जोर लागतो ना, तो जोर त्याच्याकडं होता, माझ्याकडं नव्हता. हे मात्र तो बोलून दाखवायचा नाही.

आता हे ऐका, मग पुढचं कळेल. ती करवत ओढायची असते, ढकलायची नसते. ढकललीत की पातं वाकतं नि लाकडातच अडकून बसतं, मग घाला बोंब. तो ओढेल तेव्हा मी हात सैल सोडायचे, मी ओढेन तेव्हा त्यानं. त्याला ताल लागतो. आमचा ताल म्हणजे माझ्या प्रार्थनेची ओळ — तूच दे, तूच ने. ‘तूच दे’ म्हटलं की करवत वर माझ्याकडं, ‘तूच ने’ म्हटलं की खाली त्याच्याकडं. शिव्या घालायचा खालून! ‘तुझ्या त्याला म्हणावं दोन मिनिटं खाली ये नि मूठ धर.’ मी म्हणायचो, ‘वर बघून तोंड उघडू नकोस,’ तोवर तोंड भुशानं भरलेलं, बसला थू थू करत. पण एखाद्या दिवशी माझा घसा बसला नि मी गप्प राहिलो की रेघ वाकडी जायची, आणि मग हाच ओरडायचा — ‘म्हण की रे तुझं ते!’ स्वतः कधी म्हणाला नाही. ओठ घट्ट मिटून ओढायचा. हे लिहून घ्या पाहिजे तर, तुमच्या कामाचं आहे.

बदलतो का माणूस? वाद घालून? अहो, यंत्राची करवत आली, वखार बंद पडली, आमचा वाद काही बंद पडला नाही. त्याच्या लेकीच्या घरी गच्चीत बसायचो, ती चहा आणून ठेवायची, निवून जायचा. मी त्याला तसूभर हलवलं नाही, त्यानं मला नाही. माझी बायको गेली तेव्हाही नाही. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा देवावर उखडणार. कुठला! उलट जास्त घट्ट धरलं. भुश्या तेव्हा येऊन नुसता बसायचा, देवाबद्दल एक वाकडा शब्द नाही. मी म्हटलं, ‘आज गप्प कसा?’ तर म्हणतो, ‘आज तू दमलायस. दमलेल्याशी काय भांडायचं?’ — तर नाही बदलत. म्हणजे समोरच्यानं ढकलून नाही बदलत. आपल्याआपण बदलतो की काय ते — ते राहू द्या.

ही खोली बघितलीत? कारभाऱ्यांनी दिलीय. बायकोच्या मागं घर गेलं, तेव्हा त्यांनीच आणलं इथं. खिडकीला गज आहेत आणि गजांपुढं भिंत. दार एकच, ते प्रार्थनेच्या दालनात उघडतं. सकाळ-संध्याकाळ घंटा झाली की मी बाहेर जायचं, पहिली ओळ मी म्हणायची, मग बाकीचे. एवढंच काम. त्यावर खोली, त्यावर जेवण. वाईट माणसं नाहीत हो. आजारी पडलो तर रात्रभर बसतात उशाशी. वाईट असती तर सोपं झालं असतं.

तर तो दिवस, भुश्याचा शेवटचा. लेक स्वयंपाकघरात होती, मी त्याच्या खाटेजवळ. श्वास असा वेडावाकडा चाललेला, ताल सुटलेला. मला वाटलं, आता आपण म्हणावं, त्याला आवडो न आवडो, सवयीचं आहे, बरं वाटेल. आणि त्यानं काय केलं — पांघरुणाची कड धरली, अशी, दोन्ही हातांनी, मुठीसारखी. आणि दुसरी कड माझ्याकडं सरकवली. मी धरली. तो म्हणाला, ‘तूच दे.’ आणि थांबला. मग तोच म्हणाला, ‘तूच ने.’ ते लेकीनं आतून ऐकलं. धावत आली, माझ्या गळ्यात पडून रडली — ‘काका, बाबांनी नाव घेतलं, शेवटी घेतलं ना?’ आनंदानं रडत होती हो ती. मी मान हलवली. काय करणार होतो? तिनं कारभाऱ्यांना सांगितलं, कारभारी म्हणतात उद्या सगळ्यांसमोर उभं राहून सांगा, आणि ते तुमच्या कानावर आलं, म्हणून तुम्ही इथं.

हो, घेतलं नाव. घेतलं! तोंड कशाला पाडता? तो काय प्रार्थना करत होता? मी गप्प होतो म्हणून म्हणाला.

गप्प म्हणजे — घसा बसला होता माझा.

असं बघू नका माझ्याकडं. ठीक आहे, नव्हता बसला. तोंड उघडलं नि आलंच नाही काही. शब्द होते, शब्द रोजच असतात, पण ज्याला म्हणायचं तो नव्हता तिथं. दात हलायला लागला की कळतं माणसाला. हा दात मात्र कधी पडला तेच कळलं नाही, जीभ फिरवली तर जागा मोकळी. किती दिवस मी बाहेर जाऊन नुसतीच ओळ म्हणत होतो, कोण जाणे. भुश्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. उभी हयात ते तोंड त्यानं खालून बघितलेलं, त्याला कळायला काय वेळ लागतो? कळलं त्याला. जिंकला होता हो तो! जन्मभराचा वाद, जिंकला होता, आणि बघणारं दुसरं कुणी नाही. वाटलं, आता हसणार. तर त्यानं कड ओढली नि माझी ओळ माझ्यासाठी म्हणून टाकली. आणि बारीक आवाजात, लेकीला ऐकू गेलं नाही ते, म्हणाला — ‘ओढ की, भगता. मी एकट्यानं किती ओढू?’ मी ओढलं. तोंडातून नाही काही आलं, पण ओढलं. त्यानं सैल सोडलं. मी वाट बघत राहिलो त्याच्या ओढण्याची —

पाणी द्या जरा. त्या माठातलं.

तर तुम्ही जाऊन सांगा, भुश्या शेवटपर्यंत तुमचाच होता. खरं आहे ते. मी उद्या इथं सांगीन, त्यानं नाव घेतलं. तेही खरंच आहे. इकडं लेकीचं समाधान, तिकडं तुमचं. माझ्याबद्दल कुणी विचारलेलं नाही नि कुणी विचारणारही नाही, आणि तुम्ही काही ऐकलेलं नाही. ऐकलंत का? काही ऐकलेलं नाही. तुमच्या मंडळात म्हातारा आला म्हणून हार घालाल मला, मग संध्याकाळी जेवायला नि झोपायला कुठं जाऊ? आणि मला काय तुमचंही पटलंय असं समजू नका!

झाली घंटा. उठा. — मागच्या दारानं? मघाशी काय सांगितलं, दार एकच आहे. सगळे बसलेत तिथं डोळे मिटून, त्यांच्यामधूनच जावं लागेल. बूट हातात घ्या, वाजतात. पुढच्या रांगेत लेक असेल, भुश्याची, तिच्याकडं बघून हसू नका नि रडू नका. कारभाऱ्यांनी अडवलं तर सांगा, म्हातारा येतोय. खुर्ची राहू द्या तशीच, मी अडकवतो पाय. जा. येतोय म्हणावं.