कडेला धरा

— नाही नाही, तो पुढचा कप्पा राहू द्या. काही नाही त्यात. कॅमेरा बघा ना, पिशवीचं काय एवढं — पिशवी जुनीच आहे, चामडं उकललंय, ते मी फोनवर सांगितलंच होतं. तुम्ही चारला येते म्हणालात म्हणून मी जरा निवांत होते, सगळं पुसूनबिसून, रिकामं करून ठेवणार होते — तर तुम्ही तीनलाच हजर. नाही हो, हरकत कसली. बसा. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. इथे खिडकीपाशी बसा, उजेड आहे. हं, आता घ्या हातात. जड आहे ना? सगळं धातूचं काम आहे, आजकालच्यासारखं प्लॅस्टिक नाही. पट्टा आधी गळ्यात घाला — घाला हो, लाजताय काय, एकदा पडला की संपलं. आणि भिंगाला बोट लावू नका. कडेला धरा. शाबास. तुम्हाला एकदा सांगितलं तर कळलं, आमच्या धाकटीला मी सहा वर्षं सांगतेय.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. खाली राहते. दार तिनंच उघडलं असेल तुम्हाला — केस विस्कटलेले, कपाळाला धूळ? तीच. आठ दिवस झाले, घर उलटंपालटं करून ठेवलंय तिनं. काहीतरी शोधतेय. सापडेल, जाईल कुठे. ते सोडा. विकतेय का, तेच विचारणार होतात ना? डोळे, दुसरं काय. फोकस जमत नाही आता. वय झालं की माणसानं वेळेवर थांबावं, लोकांनी सांगायची वाट बघू नये. बरं, ही कडी अशी वर ओढली की मागचं झाकण उघडतं — पण आत रोल असताना उघडायचं नाही, सगळ्या फोटोंवर उजेड सांडतो. आता रिकामा आहे, उघडा.

शिकले कुठे? हॉस्पिटलात. अहो, एकतीस वर्षं एक्स-रे काढले मी. आता सगळं कॉम्प्युटरवर येतं, पण आमच्या वेळी फिल्म असायची, हातानं धुवायची, अंधारात, लाल दिव्याखाली. लोकांची हाडं वाळत घालायची दोरीवर. तिथेच हात बसला. रिटायर झाल्यावर मी इथली मागची बाथरूम ताब्यात घेतली. आमचे हे आंघोळीला जाण्याआधी विचारतात, आत काही भिजत घातलंय का — कपडे नव्हेत, रोल! चाळीस वर्षांच्या संसारात मला विचारून केलेली ही एकच गोष्ट. आणि हे कपाट बघा — नाही, उठू नका, इथूनच बघा — ही सगळी एक्स-रेची जुनी पाकिटं. त्यात निगेटिव्ह. तारीख, रोलचा नंबर, कुठे काढला, सगळं वर लिहिलेलं. माझे रोल डावीकडे, धाकटीचे उजवीकडे. तिचेही मीच सांभाळते, नाहीतर तिनं ते वाणसामानाच्या पिशवीत ठेवले असते. आजपर्यंत या कपाटातून निगेटिव्हची एक पट्टी हरवली नाही. एक नाही.

ग्रुप ना, आहे एक. फ्रेमवाल्याच्या दुकानावर माडी आहे, तिथे महिन्यातून एका रविवारी जमतो — जमतात. मी नाही आता. आठ-दहा जण. एक दातांचे डॉक्टर आहेत, एक रिटायर्ड पोस्टमास्तर, बाकी असेच, सगळे फिल्मचे वेडे. मोबाइल खाली टोपलीत ठेवून वर जायचं. प्रत्येकानं एकच फोटो आणायचा, स्वतः छापलेला, मागे नाव घालायचं नाही. टेबलावर पालथे ठेवायचे. फ्रेमवाला पत्त्यांसारखे पिसतो आणि एकेक उलटा करतो. मग मिनिटभर कोणी बोलायचं नाही. नुसतं बघायचं. मग ज्याला जे वाटलं ते तोंडावर बोलायचं, कोणाचा आहे ते न विचारता. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जो निवडला, तो खाली दुकानाच्या काचेत महिनाभर लागतो. रस्त्यावरून येणारे-जाणारे बघतात, भाजी घेऊन निघालेली माणसं थांबतात. साधी काच आहे हो, मी तरी काय कौतुक सांगत बसलेय — पण एका वर्षी माझे सात फोटो लागले होते तिथे. बारातले सात. पोस्टमास्तर म्हणायचे, ही काच तुमच्याच नावावर करून टाकू या.

मग धाकटी आली. आणलं कोणी? मीच. मुलं लांब गेल्यावर ती नुसती घरात फिरायची, या खोलीतून त्या खोलीत, म्हणून म्हटलं, चल माझ्याबरोबर. दिरांचा एक जुना कॅमेरा होता, त्याचं उजेड मोजायचं यंत्रही बंद पडलेलं. मी तिला हाताला धरून शिकवलं — उजेड कसा वाचायचा, रोल कसा भरायचा, फिल्म धुवायची औषधं कशी मिसळायची. मोजायला शिकवलं. आणि ती काय करते ठाऊक आहे? ती मोजतच नाही. अंदाजानं काढते! आभाळाकडे एकदा बघते, ‘असेल एवढं’ म्हणते, आणि दाबते. क्षितिज वाकडं. लोकांचे पाय कापलेले. एकदा तर स्वतःचाच अंगठा आलेला कोपऱ्यात — आणि तो फोटो काचेत लागला! अंगठ्यासकट! डॉक्टर म्हणाले, यात जीव आहे. मी म्हटलं, अंगठा आहे. सगळे हसले, तीही हसली. मीही हसले हो, काय करणार.

आणि मग एकदा डॉक्टर मला म्हणाले — चेष्टेतच, माणूस वाईट नाही — म्हणाले, तुमच्या फोटोतली माणसं बघितली की वाटतं रिपोर्टची वाट बघताहेत. झोंबलं मला. खरं होतं ना ते. एकतीस वर्षं एकच वाक्य बोलत आले मी — श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका. तेच कॅमेऱ्यामागूनही बोलते. माणसं बिचारी रोखून धरतात. धाकटीपुढे कोणी काही रोखत नाही. तिच्यापुढे तो वरच्या गल्लीतला कुलूपवाला हसला, जो स्वतःच्या लग्नात हसला नसेल. मी त्याच माणसाचा फोटो तीनदा काढलाय. तिन्ही वेळा त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याचा पाय कापायला आलेय. लागोपाठ तीन महिने काचेत धाकटी. मी बाजारातून येताना रस्ता बदलायला लागले. आता हसू नका. पोटात दुखतं म्हणतात ना, ते खरंच पोटात दुखतं, इथे, बरगडीच्या खाली. एक्स-रेत दिसत नाही एवढंच.

— तो कप्पा नका उघडू म्हटलं ना मी! माफ करा, आवाज चढला. फिल्टर असतील एखाददुसरा, मी नंतर देईन शोधून. तुम्ही शटर दाबून बघा. ऐका कसा वाजतो, खट् — बास, एवढाच. घड्याळासारखा चाललाय.

मागच्या रविवारचं सांगते, तुम्ही विचारताय म्हणून. त्या दिवशी काचेपेक्षा मोठी गोष्ट होती. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन आहे, आणि दारासमोरच्या भिंतीवर एकच फोटो लावायचा, हा असा, दरवाजाएवढा. फ्रेमवाल्यानं फोटो पिसले, एकेक उलटा केला. चौथा उलटला तर — एक म्हातारी. गाउनवर, केस मोकळे, पांढरे, वाऱ्यानं उडालेले. तोंडात कपड्यांचे चिमटे धरलेत दोन-तीन, आणि चिमटे धरूनच हसतेय, वर बघून. मागे नुसता पांढरा उजेड. डावा हात मनगटापाशी कापलेला. हात कापलेला दिसला की मला कळतं कोणाचं काम ते. मिनिट संपायच्या आत मी सुरू झाले. म्हटलं, हा काय फोटो आहे? मागचं सगळं उडालंय, हात कुठे गेला, आणि ही बाई कोण, हसतेय कशाला वेड्यासारखी, हिला कोणी सांगितलं नाही का या वयात केस बांधावेत म्हणून. बोलतच गेले. मग वर बघितलं तर पोस्टमास्तर खाली बघताहेत. धाकटी पांढरीफटक. आणि फ्रेमवाला अगदी हळू म्हणाला, वहिनी, जरा नीट बघा ना.

मी होते ती. आमच्याच गच्चीत, फिल्म वाळत घालताना. दोरी फोटोबाहेर राहिली होती, म्हणून नुसतीच वर बघून हसल्यासारखी दिसत होते.

मी म्हटलं, चष्मा नाही आणला. सगळे म्हणाले, हो हो, चष्म्याशिवाय कसं दिसणार. चष्मा डोळ्यावर होता. सगळ्यांना दिसत होता. त्याच चष्म्यातून मी तुमच्या या बुटाचा सुटलेला टाका बघतेय इथून — डोळे ठणठणीत आहेत माझे, खोटं बोलले तुमच्याशी. मी फोटो बघतच नव्हते हो. मी खोट शोधत होते. मला स्वतःचं तोंड ओळखता आलं नाही, कारण मला तिची चूक आधी दिसली. घरी आल्यावर ह्यांना विचारलं, मी अशी दिसते का? हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, रोज.

तोच निवडला, अर्थात. सगळ्यांनी. मीही हात वर केला — नाहीतर काय करणार होते. मोठा छापायला निगेटिव्ह लागते. आज सहा वाजेपर्यंत फोटो लॅबमध्ये पोचायला हवी. तर सोमवारी सकाळी धाकटी आली वर, इथे, या दारात. वहिनी, त्या रोलची पट्टी द्या ना. मी कपाट उघडलं, पाकीट काढलं, बघितल्यासारखं केलं, आणि म्हटलं, नाही गं यात. तूच कुठे ठेवली असशील. आणि तिनं मान डोलावली! तिनं विश्वास ठेवला लगेच. असेल, म्हणाली, मीच वेंधळी. तेव्हापासून शोधतेय. तांदळाच्या डब्यात हात घातला, गाद्या उसवल्या. परवा माझ्यापुढे रडली. म्हणाली, तुम्ही एवढं जपायला शिकवलंत आणि तुमचाच एक चांगला फोटो मी हरवून बसले. तुमचाच, म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. या हातानं.

आणि पट्टी नाही मिळाली तर भिंतीवर दुसरा नंबर लागणार. दुसरा कोणाचा? — जिन्याचा फोटो आहे. रिकामा जिना, पायऱ्या अगदी सरळ, उजेड तोलून-मापून. माणूस नाही त्यात एकही. कोणाचा असणार!

— अहो! काय करताय? कोणी सांगितलं होतं कप्पा — बरं. काढलीतच ना पट्टी. बघा मग. खिडकीकडे धरा. चौथा चौकोन. उलटं दिसेल सगळं, मला मात्र सवय आहे, मी जन्मभर उलटंच वाचलंय. केस काळे दिसताहेत ना? निगेटिव्हमध्ये पांढऱ्याचं काळं होतं. मी रोज दुपारी जेवण झालं की इथे खिडकीशी बघते. आमच्या घरात अडतीस अल्बम आहेत, आणि त्यात मी कुठेच नाही. सगळे मीच काढलेत ना. फाडणार होते. कात्रीही घेतली होती. नाही झालं. आणि देणं — देणंही नाही झालं. दिली की ती तिची. तिनं काढलेली मी. मला एवढी वर्षं कोणी असं बघितलं नाही, आणि बघायचंच होतं तर हिनंच बघायला हवं होतं का? अंदाजानं? न मोजता?

थांबा — जिन्यात आहे ती. ... काय गं? ... नाही! नाही गं, नाही सापडली! बघितलं मी परत, कपाटातही नाही! ... हो, आहेत अजून पाहुण्या. निघताहेत.

बघताय काय अशा माझ्याकडे? तुमच्यासमोर बोलले म्हणून? तुम्ही कोण हो, तासाभरापूर्वी तुमचं तोंडही बघितलं नव्हतं मी. कॅमेरा ठेवा तो खाली. विकायचा नाही मला, बदलला विचार. पट्टा काढा गळ्यातला. आणि ती पट्टी ठेवा जिथे होती तिथे. ठेवा म्हणते ना. — कुठे निघालात? अहो बाई. दार उघडंच आहे, पण पट्टी आधी — ऐकताय ना? ती खाली उभी आहे, तिच्या हातात — अहो —

कडेला धरा. कडेला! मधे बोट लावू नका, डाग उठतो चेहऱ्यावर.