गेलेल्या पायाचं वजन

कृत्रिम पायांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या जोडप्याचं बोलणं पडलं. नवऱ्याचा एक पाय मांडीतून कापलेला होता.

"त्रेसष्ट किलो भरलो! लग्नात होतो तेवढाच."

"लग्नात दोन पाय होते. नर्सबाई म्हणाल्या, गेलेला पायही धरायचा. म्हणजे सत्तर."

"जो पाय नाही, त्याचंही वजन माझ्याच माथी?"

"अंग वाढलं तर नवा पाय बसायचा नाही."

"बरं बाई, दोन घास कमी खातो. आता तू चढ काट्यावर."

"मी कशाला? माझे दोन्ही पाय धडधाकट आहेत."

"वर्षभर मला उचलून किती झिजलीस, बघू दे तरी."

"चला, काहीतरीच तुमचं!"

पण ती हसत उठली. शिंपीणबाईंनी आपल्या कुबड्या बाजूला घेऊन तिला वाट करून दिली.