मोटारीची लाईट आन् माझी झोप

आळशी? मला आळशी म्हंत्यात! आवो तुम्हाला सांगते, मी आळशी न्हाई, मला झोपच पहाटं चारला येती! आता चारला झोपलेलं माणूस पाचला उठवलं तर ते चहात साखर घालंल का मीठ? मी मीठ घातलं... एकदाच! पर केडगावात नांदायला येऊन धा वर्सं झाली तरी सासूबाई येईल त्याला सांगत्यात, "आमची म्हाळसा ऊन डोक्यावर आल्याबिगर डोळं उघडत न्हाई वोऽ!" अंगारा लावून झाला, कानाशी पितळी बडवून झाली... आळीतली कुत्री उठली, मी न्हाई! शेवटी म्हणाल्या, "धाडा हिला म्हायेरी." हसताय काय? दोन लेकरं ठिऊन जायचं व्हतं मला!

तवा आमचे हे, कुरकुंभला कंपनीत हायेत, ते म्हणाले, पुण्याच्या डाक्टरला दावू. आन् संगं कोन? धाकटी जाऊ प्रगती! तिलाबी सकाळी उठवत न्हाई. डाक्टरनं दोघींना वह्या दिल्या, कवा झोपला, कवा उठला, पंधरा दिवस लिहा. लिहिलं. वह्या बघून म्हंतो कसा, "तक्रार एकच, पण आजार वेगळा. प्रगतीताई, तुमचं आतलं घड्याळ बरोबर आहे, तुम्ही टीव्ही बघत बसता. म्हाळसाबाईंचं घड्याळच मागं आहे." ऐकलं? मी आळशी न्हाई!

दोघींना सकाळचं ऊन, मला वर सांजची गोळी. प्रगतीचा टीव्ही कपाटात कोंडला, बया आठ दिवसात सरळ! आन् मी? महिनाभर उन्हात बसून तोंड करपलं, झोप चारावरनं तीनावर आली, बास! वर ही प्रगती पाचला येऊन मला हलवती, "आक्का, मनावर घेतलं की जमतंय!" मनावर!!

तेवढ्यात हिरीवरच्या पान्याच्या मोटारीची लाईट यायची येळ बदलली, रात्री बारा ते चार! हे नाईट शिफ्टला, मामंजींचं गुडघं गेलेलं, ऊस वाळाय लागला. मी बॅटरी घेतली, मोटार चालू केली, चारपस्तोर उसात पान्याची दारं धरली. आळशी बाई उसाला पानी देती व्हय?

परवा डाक्टरची तारीख. मी नवं लुगडं नेसून तयार... तर मामंजी दारात आडवे, "सूनबाई, ऱ्हाऊ द्या तो डाक्टर. तुम्ही बऱ्या झाल्या तर पानी कोन देनार?" आन् सासूबाई आतनं, "प्रगती, चहा तू टाक, तिला झोपू दे!"

आता काय बोलायचं? आडसाली ऊस हाय वो, दीड वर्साचा... तुटस्तवर मला बरं व्हायची परवानगी न्हाई!