ड्रायव्हरची सीडी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे भरतकाम करणाऱ्या काकू दुकानदाराशी बोलत होत्या.

“तुम्ही सिस्टिम पुन्हा टाकलीत, तेव्हापासून नेट बंद आहे.”

“नेट चालवणारं सॉफ्टवेअर, नेटवर्कचा ड्रायव्हर, टाकायचा राहिला, काकू. नेटवरून उतरवून घ्या.”

“नेट बंद आहे म्हणून तर हे धूड उचलून आणलं. कुठल्या नेटवरून उतरवू?”

“इतका जुना ड्रायव्हर आता मिळतही नाही. नवा कॉम्प्युटर घ्या.”

“नव्यावर माझं भरतकामाचं मशीन चालत नाही. पोट त्यावर आहे माझं.”

“याच्यासोबत ड्रायव्हरची सीडी आली असेल ना?”

“आली होती. तुम्हीच म्हणालात, फेकून द्या, सीडी आता कोण वापरतं.”

“फेकलीत?”

“तुमचं ऐकायला मी काय खुळी आहे? ही घ्या.”

“पण काकू, याचा सीडी ड्राइव्ह मीच काढून टाकला होता.”

“माहीत आहे. तुमच्या कचऱ्याच्या डब्यातून मीच उचलून नेला. हा धरा, बसवा.”