दुसऱ्या मजल्यावरचे दळवी

माझं माहेर कुडाळजवळचं, लग्न होऊन वाकोल्याला आली, सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा आमचे हे नुकते लिफ्टमन म्हणून चिकटलेले, मी तेव्हापासून हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. एका खोलीत सहा माणसं. तर काय सांगू तुम्हाला ताई, बोरिवलीला बिल्डिंग होतेय कळलं तसं गावचा जमिनीचा तुकडा विकून, लोन काढून घर बुक केलं. नववा मजला. मी बोलली, वारा येईल.

बिल्डिंग सहाव्यावर थांबली. म्हणजे आमचं घर हवेतच. चार वर्षं बिल्डरच्या ऑफिसात खेपा घातल्या, तिथली मुलगी पाणी द्यायची आणि बोलायची, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सगळे असे एकेकटे जायचो ना, कोण कोणाला ओळखत नव्हतं.

ओळख करून दिली दळवींनी. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, टेलिफोन ऑपरेटर होते, रिटायर झाले. त्यांनीही तिथंच घर बुक केलेलं, दुसऱ्या मजल्यावर. ते त्या ऑफिसात बाकावर बसून राहायचे आणि जो भांडायला येईल त्याचं नाव, मजला, फोन नंबर विचारायचे, लिहायचं काय, सगळं पाठ. मग घरी जाऊन एकेकाला फोन. अशी साठ घरं जमवली, कागद एका वकीलबाईंकडे दिले आणि रेरात, म्हणजे बिल्डरवरच्या तक्रारी ऐकतात तिथं, आमची सगळ्यांची एकच तक्रार लागली.

तेव्हा बिल्डरच्या माणसाने खालच्या मजल्यांवाल्यांना बोलावलं. तुमचे मजले तर उभे आहेत, तक्रारीतून नाव काढा, तीन महिन्यांत चावी देतो. आमचे हे घरी येऊन बोलले, दळवी आता जातलो, बघ तू. मलाही तेच वाटलं, का नाही जाणार, त्यांची बायको दम्याची, भाड्याच्या घरात तीन जिने चढायची. मी फोन लावून सरळ विचारलं, तुम्ही नाव काढणार का. ते बोलले, सावंत वहिनी, खोटं नाही बोलत, मोह झाला, काल हिला सांगितलं तर ही बोलली, वरच्यांना सोडून तिथं झोप लागेल का तुम्हाला. तर नाव नाही काढत मी. आणि खालच्या एकेकाला त्यांनी फोन केला, दोन घरं सोडून सगळे थांबले.

सुनावणी मोबाईलवर होती. बिल्डरचा वकील बोलला, लोकांचं काही म्हणणं नाही, दोघा-तिघांनी भडकवलंय. तर दळवी बोलले, साहेब, एकेकाचं नाव सांगतो, आणि सांगत गेले, हातात कागद नाही, कुठे अडखळले नाहीत. मी कँटीनमध्ये पिठाच्या हाताने ऐकत होती. नववा मजला, सुनंदा सावंत, असं आलं आणि मी रडली.

निकाल आमच्या बाजूने लागला, उशिराचं व्याज द्या आणि सगळे मजले पुरे करा म्हणून. यंदा खालच्यांना चाव्या मिळाल्या, दळवी राहायलाही गेले. मागे दोन दिवस वरची ठोकाठोक बंद होती, तर ते आधी त्यांच्याच कानाला कळलं, लगेच वकीलबाईंना फोन, बिल्डरला फोन, मग मला, वहिनी, काळजी नको, सिमेंट संपलेलं, आलंय. देव त्या नवरा-बायकोला बरं ठेवो, मी रोज एवढंच मागते.

परवा आठव्याचा स्लॅब भरला. आमचा राहिलाय. होईल तोही. माझं नोकरीचं एकच वर्ष उरलंय, पण आता जीव टांगणीला नाही. खाली दळवी आहेत.