उबदार कपाट आणि तरुलता बाइदेउंचे डोळे

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, नाहरजोरी चहाबागेचे व्यवस्थापक माननीय खाउंड साहेब. व्यासपीठावर बसलेले आपल्या इस्पितळाचे डॉक्टर ध्रुवज्योती फुकन. आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती तरुलता हातीबरुआ, म्हणजे लहानथोर सगळ्यांच्या थोरल्या ताई, बाइदेउ. पानं खुडणाऱ्या माझ्या आयाबहिणी, कारखान्यातले बंधू, आणि मागे दाराशी उभे असलेले सर्वजण. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, कृपया या. उभ्यानं भाषण ऐकलं की ते दुप्पट लांब वाटतं, आणि माझं आधीच लांब आहे.

आज शनिवार, अठ्ठावीस फेब्रुवारी. दुपारी साडेतीन वाजता मी इथेच स्टुलावर चढून फलकावरचं 'हातीबरुआ' हे आडनाव बरोबर लिहिलंय का ते तपासत होतो. बरोबर होतं. खाली उतरलो तर समोर बाइदेउ.

"पुलिन, भाषण तू करायचंस."

मी म्हणालो, "बाइदेउ, मी आठवी पास. साहेब आहेत, डॉक्टर आहेत."

"ते स्तुती करतील. तू कपाटाची गोष्ट सांग. नाही सांगितलीस तर सत्काराचा गामोसा मी खांद्यावर घेणार नाही."

आता बाइदेउ गामोशाशिवाय घरी गेल्या तर मला या बागेत राहता येईल का? म्हणून अध्यक्षांच्या परवानगीनं सांगतो. परवानगी आहे ना, साहेब? या गोष्टीत आपला कॅमेराही आहे. आभारी आहे.

आपल्या प्रयोगशाळेत काम काय चालतं, हे सगळ्यांना साधारण माहीत आहे. खोकला जात नाही म्हणून माणूस येतो, डबीत थुंकी देतो. ती मी काचपट्टीवर पसरतो, रंगवतो, वाळवतो. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली जाते आणि बाइदेउ डोळा लावतात. सगळीकडे निळं दिसतं. त्या निळ्यात कुठे एखादी लाल काडी सापडली तर क्षय, नाही तर नाही. दिसायला एवढंच काम. पण ती काडी नजरेतून सुटली, तर एक माणूस औषधाशिवाय घरी जातो आणि घरभर खोकत बसतो. तेहतीस वर्षं ही बाई खिडकीजवळच्या एकाच खुर्चीवर बसून निळ्यात लाल शोधत आली. या बागेतली किती माणसं आज चालती-बोलती आहेत, ती त्या खुर्चीमुळे, हे मी सांगायला नको. टाळ्या वाजवायच्या असतील तर इथे वाजवा, कारण पुढे गोष्ट जरा वाईट होणार आहे.

गेल्या वर्षी, दुर्गापूजेच्या आधीच्या आठवड्यात जिल्ह्याचे तपासनीस हजारिका साहेब आले. आमच्या जुन्या काचपट्ट्या जिल्ह्याला पुन्हा तपासतात, ही नेहमीची पद्धत. या वेळी मात्र त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. आम्ही 'काही नाही' असा निकाल दिलेल्या पाच पट्ट्यांवर त्यांना लाल काड्या सापडल्या होत्या.

माणूस सज्जन. आवाज न चढवता म्हणाले, "बाइदेउ, राग मानू नका. वय झालं की डोळे थकतात. तुम्ही आता नोंदींचं काम बघा. पट्ट्या शहरात पाठवत जाऊ."

याचा अर्थ काय, तो आम्हा सगळ्यांना कळला. पावसात नदीचा पूल बंद असतो तेव्हा थुंकी शहरात जाणार कधी आणि निकाल येणार कधी? आणि बाइदेउंना निवृत्तीला पाच महिने उरलेले. तेहतीस वर्षांच्या कामाच्या शेवटी लोक काय म्हणणार? हिचे डोळे गेले होते आणि हिनं पाच माणसं मरायला सोडली होती, असंच ना?

मला वाटलं, बाइदेउ रडतील किंवा भांडतील. त्यांनी एकच विचारलं, "ते पाच जण कोण?"

नावं घेतली, छत्री घेतली आणि निघाल्या. मी डब्यांची पिशवी घेऊन मागोमाग. पहिलं घर लगनू भूमिजचं. लगनूदादा, तुम्ही तिसऱ्या रांगेत दिसताय. तुम्ही तेव्हा काय म्हणालात, ते सांगू ना?

लगनूदादा दारातच म्हणाले, "बाइदेउ, तुम्हीच सांगितलंत काही नाही म्हणून. आता परत थुंकायला लावता? माझ्या थुंकीत सोनं निघालं की काय?"

बाइदेउ पावसात उभ्या राहून म्हणाल्या, "चूक माझी झाली, लगनू. उद्या सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून या डबीत दे. बायकोची दे, पोरांची पण दे."

"तुमची चूक?"

"माझी."

लगनूदादांनी डब्या घेतल्या. मग आत वळून बायकोला म्हणाले, "चहा ठेव गं, आपला मिठाचा, मीठ जरा जास्त घाल." आणि बाइदेउंना म्हणाले, "आत या. चूक कबूल करणाऱ्या माणसाला आमच्यात दारात उभं ठेवत नाहीत."

त्या दिवशी चार घरं झाली. पाचवा माणूस कामासाठी अरुणाचलात गेला होता, तो माघ बिहूच्या सणाला परत आला तेव्हा सापडला. पाचही जणांना औषध सुरू आहे. लगनूदादांचं पुढच्या महिन्यात संपतं, आणि घरच्यांपैकी कोणाला काही निघालं नाही. दादा, उभे राहू नका, बसा. टाळ्या बसूनही घेता येतात.

वस्तीतून परतताना बाइदेउ चहाच्या झाडांमध्ये थांबल्या. म्हणाल्या, "पुलिन, मला श्रावणापासून धुकं दिसतंय. चष्मा बदलला तरी धुकंच. वाटलं, बोलले तर खुर्ची जाईल. म्हणून डोळे ताणून बसत राहिले."

सभ्य स्त्रीपुरुषहो, निरोपाच्या दिवशी कोणी सत्कारमूर्तीबद्दल असं बोलतं का? नाही बोलत. मी हे वाक्य आज दोनदा गाळून पाहिलं. त्यांनी दोन्ही वेळा परत घालायला लावलं. का, ते पुढे येईल.

मग आम्ही शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे हनुवटी टेकवायचं यंत्र असतं. त्यातून उजेडाची बारीक रेघ डोळ्यात सोडतात आणि डोळ्याच्या आतला थर न् थर बघतात. डॉक्टर बराच वेळ बघत होते. मी बाहेरच्या बाकावर बसून घाम पुसत होतो, जणू माझेच डोळे तपासले जात होते.

डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण इतकं धुकं त्यानं पडत नाही. तुम्ही दिवसभर बघता कशातून?"

"सूक्ष्मदर्शकातून."

"मग त्याचा मोतीबिंदू काढा."

प्रयोगशाळेत आल्याबरोबर बाइदेउंनी सूक्ष्मदर्शकाचं सगळ्यात मोठं करून दाखवणारं भिंग फिरवून काढलं, उजेडासमोर धरलं आणि त्यात बघितलं. मग माझ्या हातात दिलं. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. पांढरे धागे, इतके नाजूक, की रांगोळी काढल्यासारखे. त्या जाळीतून लाल काडी दिसणार कशी?

आता ओल आपल्याला नवीन नाही. या बागेत पावसाळ्यात चपला हिरव्या होतात, कमरेच्या पट्ट्याला मिशा फुटतात. म्हणून तर सूक्ष्मदर्शक लाकडी कपाटात ठेवायचा आणि आत रात्रंदिवस बल्ब जळता ठेवायचा. बल्बच्या उबेनं कपाट कोरडं राहतं, भिंगं वाचतात. आणि बल्ब तर जळत होता! कपाटाच्या भोकातून उजेड रोज दिसायचा, मीच रोज बघायचो. मग बुरशी आली कुठून?

बाइदेउ म्हणाल्या, "सगळं बाहेर काढ."

मी काढू लागलो. कंपाउंडर दादांचे मोज्यांचे तीन जोड. डॉक्टर फुकनांचा बिस्किटांचा डबा. माननीय अध्यक्षांचा कॅमेरा, बुरशीपासून सुरक्षित राहावा म्हणून ठेवायला दिलेला. आणि खालच्या फळीवर, कापसाच्या गुंडाळ्यांमागे, नेच्याच्या पानांखाली झाकलेलं एक ताट. त्यात भाताच्या पेंढ्यावर पेढ्यांएवढ्या पांढऱ्या गोळ्या, ओळीनं मांडलेल्या.

तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हाला कळलं. रानू. हांडिया, म्हणजे भाताची दारू, आंबवायला लागतं ते विरजण. वॉर्डात कामाला असलेल्या सोमारी मौसीनं लेकीच्या लग्नासाठी घातलेलं. नाही मौसी, बसा, मी सांगतो. तुमचीही परवानगी मी घेतली आहे आणि ती तुम्ही आनंदानं दिलीत, हे सगळ्यांसमोर नोंदवतो.

मौसीला बोलावलं. ती ताट बघून आधी आमच्यावरच उखडली. "कोणी हलवलं? अजून चार दिवस वाळायचं होतं!"

बाइदेउ म्हणाल्या, "सोमारी, इथे?"

"मग कुठे? घरी भिंतीतून पाणी झिरपतंय. अख्ख्या बागेत कोरडी जागा एवढीच. पण तुमचा बल्ब फार तापट हो. पाऊस लागला तेव्हा माझ्या पहिल्या गोळ्यांना तडे गेले. म्हणून तो जुना पिवळा काढला आणि घरचा नवा पांढरा लावला. बिलही कमी येतं. उजेड बघा, जास्तच पडतो!"

आम्ही कपाटात हात घातला. पांढरा बल्ब लखलखत होता आणि कपाट विहिरीसारखं गार होतं. नव्या बल्बला उजेड असतो, पण ऊब जवळजवळ नसतेच. सगळा पावसाळा आम्ही उजेडावर विसंबून होतो. आणि शेजारी ओल्या पेंढ्यात बुरशीचं पीक घेणं चालू होतं.

मौसीला सगळं सांगितलं. भिंगाचं, पाच पट्ट्यांचं, बाइदेउंच्या डोळ्यांचं. ती खाली बसली. "म्हणजे लगनू माझ्यामुळे?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जिल्ह्याला खुलासा लिहायला बसले. कंपाउंडर दादा जोरात होते, "बाईचं नाव लिहा, सर. कामावरून काढल्याशिवाय शिस्त येणार नाही."

बाइदेउ शांतपणे म्हणाल्या, "लिहू या. आधी मोज्यांचं लिहू. मग बिस्किटांचं. मग कॅमेऱ्याचं. मग तिचं लिहू. आणि सगळ्यात वर माझं लिहू. मला दोन महिने धूसर दिसत होतं आणि मी गप्प बसले, हे कोणत्या गोळीनं केलं?"

मग डॉक्टरांनी लिहिलं की कपाट गार पडलं होतं, त्यात सगळ्यांनी नको त्या वस्तू ठेवल्या होत्या, आणि धूसर दिसत असल्याचं वेळेत सांगितलं गेलं नाही. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, मौसीनं अंगठा दिला. अध्यक्ष महोदयांचा कॅमेराही आतून जाळीदार झाला होता, त्यामुळे नव्या भिंगाची मंजुरी फार लवकर मिळाली. साहेब हसतायत, म्हणून सांगण्याचं धाडस केलं.

राहिला प्रश्न डोळ्यांचा. बाइदेउ स्वतःहून जिल्ह्याला गेल्या आणि हजारिका साहेबांना म्हणाल्या, "तुमचं यंत्र, तुमच्या पट्ट्या, निकाल झाकून ठेवा. मी वाचते. चुकले तर मी स्वतःच खुर्ची सोडते." ट्रेभर पट्ट्या त्यांनी वाचल्या. मी दाराशी उभा होतो. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून मी बोटांकडे बघत होतो. भिंग वरखाली करणारी बोटं नेहमीच्याच चालीनं फिरत होती. शेवटच्या पट्टीला त्या म्हणाल्या, "यात नाही."

साहेब म्हणाले, "नक्की?"

"नाही म्हणजे नाही. हवं तर परत बघते."

साहेबांनी झाकलेला कागद उघडला, एकेक निकाल ताडून पाहिला आणि चहा मागवला. या वेळी त्यांनीही घेतला. आपली तपासणी आपल्याच बागेत राहिली, आणि बाइदेउ आपल्या खुर्चीवर.

ही गोष्ट आज का, याचं उत्तर पहिल्या रांगेत बसलं आहे. कुमारी जूरी पातर, सोमवारपासून ती खुर्ची तिची. महिनाभर ती बाइदेउंच्या शेजारी बसून शिकते आहे. गेल्या मंगळवारी ती एकदम उठून बाहेर आली. चेहरा पांढरा. "बाइदेउ, मला धूसर दिसतंय."

क्षणात सगळी कामं थांबली. भिंग काढलं, उजेडासमोर धरलं, स्वच्छ. कपाटात हात घातला, गरम. मोजे नाहीत, बिस्किटं नाहीत. मग बाइदेउंनी जूरीच्या नाकावरचा चष्मा उतरवला. मास्कमधून वाफ वर जाऊन काचा भरल्या होत्या. सोमारी मौसी तर हसून हसून बादलीवर बसली.

जूरीला रडू येत होतं. "सगळ्यांचा अर्धा तास घालवला मी."

बाइदेउंनी आपल्या पदरानं तिचा चष्मा पुसला, तिच्या डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "रोज घालव." मग आपली उशी खुर्चीवरून उचलली आणि तिथे तिला बसवलं. मंगळवारीच. सोमवारची वाट त्यांनी बघितली नाही.

बाइदेउ, तुमची गोष्ट मी सांगितली. आता गामोसा घ्या.

शेवटी, सभागृह दिल्याबद्दल बागेचे, तांदळाची पिठा-पक्वान्नं आणि चहा करणाऱ्या महिला मंडळाचे, आणि मीठ घातलेल्या चहाबद्दल लगनूदादांच्या घरचे आभार मानतो. माझ्या बोलण्यात मानाचा क्रम चुकला असेल, कोणाचं नाव राहिलं असेल किंवा कोणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करा. पण चुकलंय काय, ते मला आज, खाली उतरल्याबरोबर सांगा. उद्यावर ठेवू नका.

नमस्कार.